नीनाच्या हातची मॅकरोनी

कलावतीनं पळी खाली ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली, आणि त्यामुळेच शामसुंदर लांजेवारच्या छातीत धस्स झालं. आपटली असती तर पंचवीस वर्षांच्या संसारामुळं त्याला पुढचं सगळं तोंडपाठ होतं: थोडी धुसफूस, मग भांड्यांचे आवाज, मग "घ्या, थंडं होऊन राहिलं" म्हणत ताटात पडणारी गरम पोळी. पण पळी नुसती ठेवली गेली, भांड्याच्या काठाला टेकवून, आणि कलावती पदराला हात पुसत त्याच्याकडे पाहत राहिली. बुधवारची संध्याकाळ होती. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या कंपनी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटवडीच्या रश्श्याचा घमघमाट सुटला होता, आणि शामसुंदरनं पहिला घास गिळून, बोटं चाटून, अगदी मनापासून एवढंच म्हटलं होतं, "मस्त झाला वं. पन रशियात कँटीनमदे थे नीना मॅकरोनी वाढे ना, खिम्याची, तिची चवच न्यारी." हे तो काही पहिल्यांदा म्हणत नव्हता. सत्त्याहत्तर साली प्लांटनं त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला रशियात पाठवलं होतं, तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे आठ-नऊ वर्षं, आठवड्यातून दोनदा तरी तो हे म्हणत आला होता. वांग्याच्या भाजीवर म्हणाला होता, मुलीच्या लग्नातल्या जेवणावर म्हणाला होता, एकदा तर साबुदाण्याच्या खिचडीवरसुद्धा म्हणाला होता.

"एक सांगू का जी?" कलावती म्हणाली. आवाज शांत होता, तोच त्याला खटकला. "येत्या रयवारी थे मॅकरोनी तुमीच करा. मी हात नाई लावनार, तोंडातून शब्द नाई काहाडनार. बसून खाईन. तुमी म्हनता तशी झाली तं जल्मभर तुमची रशिया आयकीन. आन् नाई झाली तं ह्या घरात रशियाचं नाव पुन्यांदा नाई काहाडाचं."

"अवं पन..."

"काहाडाचं नाई म्हंजे नाई. कसम."

आणि तिनं पळी उचलून त्याला आणखी रस्सा वाढला. शामसुंदर हसला. हसण्यावारी न्यावं म्हणून हसला. पण ती हसली नाही.

रात्री आंगणात खाटेवर पडल्या पडल्या तो विचार करू लागला. वरकरणी गोष्ट साधी होती, एका जेवणाची. पण रशिया गेली तर मागं राहतं काय? पवनी गावचा एक पोरगा, मॅट्रिक झाला, आयटीआय झाला, भिलाईला आला, रोलिंग मिलमध्ये चिकटला, फोरमन झाला. बस्स. एवढं तर सेक्टर सहामधल्या दर तिसऱ्या घराबद्दल सांगता येईल. आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय, तर ते सहा महिने. सुरुवातीला मिलमध्ये त्याच्याभोवती माणसं जमायची. चहाच्या सुट्टीत तो बर्फाचं सांगायचा, मिशीवर बर्फ कसा धरतो ते सांगायचा, नीनाचं सांगायचा, आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. मग दुसरी बॅच गेली, तिसरी गेली, दोघं-तिघं तर जर्मनीलाही जाऊन आले आणि रंगीत टीव्हीसुद्धा घेऊन आले. आता त्यानं "रशियात" एवढं म्हटलं की पोरं घड्याळ बघायची. शेजारचे रामाजी एक शब्द ऐकत नव्हते, त्यांना कानानंच कमी ऐकू यायचं. मुलगी ललिता लग्न होऊन बालाघाटला गेली. म्हणजे हळूहळू, कळत न कळत, त्याची सगळी रशिया येऊन राहिली होती ती एका स्वयंपाकघरात, एका बाईसमोर, ती पोळ्या लाटत असताना. आणि तीही आता म्हणत होती की पुरे. शामसुंदरला स्वतःचीच कीव आली. कुशीवर वळून तो पुटपुटला, "करून दाखवतो. त्यात काय." पलीकडच्या खाटेवर कलावती जागी आहे हे त्याला श्वासावरून कळत होतं.

करून दाखवायचं म्हणजे आधी आठवायला हवं. त्यानं डोळे मिटले आणि कँटीन आठवलं. ते तर लख्ख आठवत होतं. लांबच लांब टेबलं, वर मेणकापड, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरलेली. गरम पत्र्याच्या काउंटरमागं नीना उभी, डोक्यावर पांढरं फडकं बांधलेलं, दंड पोळपाटासारखे भरदार, समोरचा एक दात सोन्याचा. ती ताटलीत मॅकरोनी वाढायची, वर खिमा घालायची, आणि शामसुंदरचा नंबर आला की काहीतरी बोलून मोठ्यानं हसायची आणि अर्धी पळी जास्त घालायची. ती काय बोलायची ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित 'काय हा वाळका माणूस, हा लोखंड काय लाटणार' असं म्हणत असेल. पण त्या परक्या गावात, जिथं दुपारी तीनलाच अंधार पडायचा आणि मराठी तर सोडाच, हिंदी ऐकायलाही कान आसुसलेले असायचे, तिथं कुणीतरी आपल्याला बघून हसतं, आपल्याला जास्त वाढतं, हे त्याला फार मोठं वाटायचं. इथवर सगळं आठवलं. मॅकरोनीच्या नळ्या केवढ्या होत्या तेही आठवलं, करंगळीएवढ्या. मग त्यानं पहिला घास तोंडात घातला, म्हणजे मनात घातला, आणि पुढं काही येईना. चव येईना. झकास होती, न्यारी होती, हे शब्द येत होते. आठ-नऊ वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेले शब्द. पण जिभेवर काही उतरत नव्हतं. आणि मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला की ती मॅकरोनी शिजताना आपण उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. आपण फक्त ती ताटलीत पडताना पाहिली आहे. तो उठून बसला.

"पानी पायजे का?" कलावतीनं विचारलं.

"नाई वं. झोप तू."

पुढचे दोन दिवस तो मिलमध्ये होता आणि नव्हता. लाल तापलेली सळी रोलमधून सणसणत पुढं जायची आणि त्याला नळ्या दिसायच्या. मॅकरोनी विकत मिळण्याची बात नव्हती. सिव्हिक सेंटरमध्ये त्यानं दोन दुकानांत विचारलं, एकानं शेवयांचं पाकीट पुढं केलं आणि दुसऱ्यानं विचारलं, "ये लगाने की चीज़ है कि खाने की?" म्हणजे मॅकरोनीसुद्धा घरीच करायची. ठीक आहे, शामसुंदर मनाशी म्हणाला, आपण रोलिंगचाच माणूस. अठरा वर्षं लोखंड लाटून राहिलो, कणीक काय चीज आहे?

शनिवारी दुपारी त्याला कळलं की कणीक काय चीज आहे. लोखंडाचं एक बरं असतं, ते तापवलं की मऊ होतं आणि सांगितलेलं ऐकतं. कणीक आधी ऐकल्यासारखं करते. त्यानं रव्या-मैद्याचा गोळा मळला, तो सैल झाला. रवा घातला, घट्ट झाला. पाणी घातलं, पुन्हा सैल झाला. असं करता करता वाटीभर पिठाचा गोळा नारळाएवढा झाला. मग त्याची लांब वळी करायची, ती सायकलच्या स्पोकवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची, की झाली नळी. हा स्पोकचा शोध त्याचा स्वतःचा. घासून, धुऊन, उकळून घेतला होता. आंगणात चटई टाकून, बनियनवर, पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशीनं तो बसला, आणि पहिली नळी निघाली ती स्पोकला सोडेना. दुसरी निघाली ती निम्मी तिथंच राहिली. तिसरी सलग निघाली आणि त्याला इतका आनंद झाला की ती त्यानं हातात धरून उजेडाकडे करून पाहिली, आरपार. बरोबर तेव्हाच कुंपणापलीकडून शेजारच्या शकुबाईंचं डोकं वर आलं.

"अवो माय! भाऊजी, सरगुंडे करून राहिले का?"

शामसुंदरचा हात तसाच हवेत राहिला. सरगुंडे! वैशाखात पवनीला त्याची आई आणि मावशा ओसरीत बसून हेच तर करायच्या. गवताच्या काडीवर कणकेची वळी गुंडाळायची, नळी सरकवून काढायची, सुपात वाळत घालायची, आणि मग उकडून आंब्याच्या रसाबरोबर खायची. लहानपणी त्यानं ती सुपं राखली होती, चिमण्या हाकलल्या होत्या. ह्याच घरात कलावती दर उन्हाळ्यात डबाभर करायची. आणि सहा महिने त्या नळ्या पुढ्यात पडत असताना, आठ-नऊ वर्षं त्यांचं वर्णन करत असताना, हे आपल्याला एकदाही सुचू नये?

"सरगुंडे नोहे शकुबाई," तो जरा ताठून म्हणाला. "मॅकरोनी आहे. रशियन."

"बरं बाप्पा, मॅकरोनी. मंग रसासंगं खाता का?"

"खिम्यासंगं."

शकुबाईंनी तोंडावर पदर घेतला. सरगुंडे आणि मटण! त्यांचं डोकं कुंपणाखाली गेलं आणि मग पलीकडून नवऱ्याला, रामाजींना, ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणजे अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात, ती बातमी सांगितली गेली. कलावती वऱ्हांड्यात गहू निवडत बसली होती. तिनं ऐकलं असणारच. पण शब्द म्हणजे शब्द. ती खाली मान घालून खडे काढत राहिली. तिच्या शेल्फवरच्या डब्यात गेल्या उन्हाळ्याचे सरगुंडे अजून शिल्लक होते, कडक वाळलेले, एकासारखे एक. एक शब्द बोलली असती, एकदा नुसती डब्याकडे पाहिली असती, तर शामसुंदरची दुपार वाचली असती. आणि तो तरी काय, एकदा मागितले असते तर तिनं दिले नसते थोडेच? पण त्यानं मागितले नाहीत. संध्याकाळपर्यंत तो स्पोकशी झुंजत राहिला.

रविवारी सकाळी तो स्कूटर काढून कॅम्प-एकच्या बाजारात गेला. खाटकाच्या दुकानासमोर ही गर्दी. नेहमीचा खाटीक, त्यानं सवयीनं मांडीची बोटी तोडायला घेतली तर शामसुंदर म्हणाला, "आज कीमा." खाटकानं सुरा थांबवला. "कीमा? इतना बढ़िया माल और कीमा? काहे बाबूजी, घर में किसी के दाँत गिर गए क्या?" रांगेतले दोघं-तिघं हसले. शामसुंदरला वाटलं सांगावं, रशियात असं असं असतं. तोंड उघडलंही होतं. पण मग त्याला वाटलं, उद्यापासून कदाचित हे वाक्य आपलं नसेल, आणि आज उगाच कशाला खर्चायचं. तो म्हणाला, "डॉक्टरने बोला है," आणि पिशवी घेऊन निघाला. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर होते, प्लांटच्या चिमण्यांचा धूर नेहमीसारखा तिरपा चालला होता, आणि त्याला उगाचच भरून आलं. परदेशातून परत येताना जसं होतं तसं.

मटण त्यांच्याकडे स्वयंपाकघरात शिजत नसे. तिथं देव होते. मागच्या आंगणात दगडी कोळशाची शेगडी, मटणाचं वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि रविवारी कलावती पदर खोचून तिथं बसायची. आज तिथं शामसुंदर बसला. एका बाजूला पाणी उकळत ठेवलं, दुसऱ्या बाजूला खिमा. कांदा कापताना डोळ्यांतून इतकं पाणी आलं की शेवटचा कांदा त्यानं अंदाजानंच कापला. तेल, कांदा, खिमा, मग टमाटे. नीनाच्या खिम्याला लालसर रंग होता, तिखटाचा नाही, टमाट्याचा, हे त्याला पक्कं आठवत होतं. हळद नव्हती. मिरचीपूड नव्हती. मीठ आणि काळी मिरी. तो प्रत्येक गोष्ट घालताना आधी डोळे मिटून कँटीनमध्ये जाऊन यायचा, आहे का नाही ते पाहून यायचा आणि मग घालायचा. खिमा रटरटू लागला. आता मॅकरोनी. त्यानं परातीतल्या नळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि त्या छान तरंगल्या, आणि मग त्याचं लक्ष जरा खिम्याकडे गेलं, आणि पुन्हा इकडे पाहतो तर त्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. मिलमध्ये कधी कधी तापलेली सळी रोलच्या बाहेर उसळून गुंतवळ होऊन पडते, पोरं "कॉबल! कॉबल!" ओरडत पळतात आणि मिल बंद करावी लागते. इथं मिल बंद करणारं कोणी नव्हतं. तो चिमट्यानं, पळीनं, शेवटी बोटांनी नळ्या सोडवत बसला, बोटं पोळून घेत, आणि "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत. निम्म्या सुटल्या. निम्म्यांचा एक गोळा झाला, तो त्यानं हळूच कुंपणाच्या कडेला टाकला आणि वर दोन पालापाचोळ्याची पानं सरकवली.

पण वास तर चांगला येत होता. त्यानं सगळं एकत्र केलं, ढवळलं, झाकण ठेवलं, काढलं. तळव्यावर थोडं घेऊन, फुंकून, तोंडात घातलं. आणि थांबला. गरम होतं. ओलं होतं. मटण आहे, कणीक आहे, टमाटे आहेत हे कळत होतं. त्यापुढं काही नाही. त्यानं मीठ घातलं. मिरी घातली. पुन्हा चाखलं. आता खारट झालं होतं आणि मिरीमुळे शिंक आली, बाकी तेच. छे! हे ते नव्हतं. त्या चवीला मागून एक धग होती, घास गिळल्यावर कानामागून घाम यायचा, बाहेर उणे वीस असताना आत उन्हाळा व्हायचा, आणि आपण डोळे पुसत पुसत दुसऱ्यांदा रांगेत जायचो. डोळे पुसत पुसत! आता त्याला आठवू लागलं, आणि एकदा आठवू लागल्यावर थांबवता येईना. कोटाचा आतला खिसा. खिशात कागदाची पुडी. ताटली घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं, नीनाकडे पाठ करायची, म्हणजे तिला वाईट वाटू नये, आणि टेबलाच्या कडेखाली पुडी सोडून चिमूट, दोन चिमूट, मूठभर. काळा मसाला. धणे, खोबरं, खसखस, दगडफूल, मिरी, सगळं तेलावर भाजून, उखळात कुटून, ललिताच्या लहानपणीच्या दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात दाबून दाबून भरलेला. दुर्ग स्टेशनवर गाडी सुटता सुटता कलावतीनं तो खिडकीतून आत दिला होता आणि म्हणाली होती, "तिथलं फिकं असन. घशाखाली नाई उतरलं तं थोडा थोडा टाकत जा." मॉस्कोला सामान तपासणाऱ्यानं झाकण उघडून वास घेतला तर त्याला चार शिंका आल्या आणि त्यानं घाईघाईनं झाकण लावून पुढं जा म्हणून हात केला. पहिला आठवडा आपण मसाल्याशिवाय काढला आणि अक्षरशः रडलो, मग पुडी बांधली. डबा पाचव्या महिन्यात संपला, तेव्हापासून आपण दिवस मोजू लागलो, आणि नीना अर्धी पळी जास्त वाढायची तरी ताटलीत तसंच राहू लागलं.

शेगडीसमोर उकिडवा बसलेला शामसुंदर तसाच बसून राहिला. हे आपण विसरलो कसे? मग तेही आठवलं. परत आल्यावर मिलमध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं पुडीसकट सांगितलं होतं, आणि दयाराम नावाचा एक फिटर खो खो हसला होता, "म्हंजे रशियात जाऊन बी बायकोचाच मसाला खाल्ला का भाऊ!" दुसऱ्यांदा सांगताना पुडी गाळली. तिसऱ्यांदा गाळायची गरजच पडली नाही. जे सांगण्यातून गेलं ते आठवणीतूनही गेलं. मागं उरली नीना, तिचा सोन्याचा दात आणि न्यारी चव. आणि ती चव इथंच होती, दहा पावलांवर, शेल्फच्या वरच्या फळीवर, चिनीमातीच्या बरणीत. दर रविवारी ह्याच पातेल्यात पडत होती, आणि तो ती बोटं चाटून खात होता, आणि वर म्हणत होता की रशियात असं नव्हतं. त्याला हसू आलं आणि लगेच इतकी लाज वाटली की त्यानं आंगणात कोणी बघतंय का ते पाहिलं. आता करायचं काय? मसाला घातला तर चव अगदी तश्शी होईल. पण ह्या बाईला आपल्या मसाल्याचा वास वऱ्हांड्यातच काय, दुर्गच्या बाजारातही कळेल. म्हणजे रशिया गेली. नाही घातला तर हे असं. तरीही गेली. त्यानं सगळ्या बाजूंनी विचार केला, आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं की एक तिसरी वाट आहे. तिनं ती मॅकरोनी कधी खाल्लेली नाही. हीच ती, म्हटलं तर तिला काय कळणार? फक्त आपल्याला खाताना चेहरा सांभाळायला हवा. तो आत गेला, बरणी काढली, जुन्या पेपरच्या तुकड्यात दोन चिमटी मसाला बांधला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेव्हाच्यासारखाच.

जेवायला दोघं समोरासमोर पाटावर बसली. कलावतीनं हात धुतले, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि घास घेतला. शामसुंदर तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती सावकाश चावत होती. कपाळावर आठी नाही, हसू नाही. दुसरा घास. तिसरा. आता त्यालाही खाणं भागच होतं. त्यानं एक घास खाल्ला, तो तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. मग त्याचा डावा हात आपोआप खिशात गेला. ताटाच्या कडेखाली, मांडीआड, त्यानं बोटांनी पुडी उकलली, आणि कलावती पाण्याचा गिलास तोंडाला लावते आहे असं पाहून चिमूटभर मसाला खिम्यावर टाकला. गरम खिम्यावर तो पडला मात्र, वास उठला.

कलावतीनं गिलास खाली ठेवला. "काय टाकून राहिले जी?"

"कुठं काय?"

"खिशात काय आहे?"

काही उपाय नव्हता. त्यानं पुडी ताटाशेजारी ठेवली. कलावतीनं ती उचलली नाही, नुसती पाहिली. "माहा मसाला," ती म्हणाली. मग म्हणाली, "तिथंबी असाच टाकत होते?"

"हाव," शामसुंदर म्हणाला. "रोज. तिच्याकडं पाठ करून. डबा सरला तोपर्यंत. कलावती, खरं सांगतो, मले आठोतच नव्हतं. आज शेगडीपाशी आठोलं. थे चव... थे तुहीच होती."

त्याला वाटलं आता ती हसेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "आठ-नऊ वर्सं," ती म्हणाली. "आठ-नऊ वर्सं मी त्या बाईवर जळून राहिली जी. पोया लाटता लाटता मनात म्हनत जाओ, कशी असन थे, काय टाकत असन, का ह्या मानसाले माह्या हातचं कायीच गोड नाई लागत. एकदा तं सोन्याचा दात बसवाले किती पैसे लागते म्हनून शकुबाईले विचारलं होतं मी. आन् माह्याच मसाल्यावर जळत होती मी? आन् तुमी मले बसून आयकवत होते?"

माफी मागावी असं शामसुंदरला आतून वाटत होतं, आणि ते शब्द पंचवीस वर्षांत कधी वापरलेले नसल्यामुळे कुठे ठेवलेत ते सापडत नव्हते. "चुकलं वं," तो शेवटी म्हणाला. "लयच चुकलं. आता नाव नाई काहाडत. तू म्हनली तसं." आणि हे म्हणताना त्याला खरोखरच वाटलं की आपण काहीतरी दारापर्यंत पोचवून आलो, आणि आता घरात फक्त पवनी आहे आणि भिलाई आहे.

कलावतीनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं ताट पुढं केलं. "वाढा."

"काय?"

"मॅकरोनी वाढा म्हनते ना. उरली आहे नं?"

त्यानं वाढली. ती खाऊ लागली, मघापेक्षा जरा भराभरा. ती तोंडदेखलं खात नव्हती, हे त्याला कळत होतं. तोंडदेखलं खाणारी बाई बोटांनी ताटाची कड पुसून घेत नाही.

"आवडली?" त्यानं भीत भीत विचारलं.

"पोटाले थंड लागते. मीठ जरा जास्त झालं, पन चांगली आहे. तुमाले झनझनीत पायजे म्हनून मी आतापर्यंत मसाला कुटला, माह्या बापाच्या घरी असंच फिकं होतं सारं." ती आणखी एक घास घेऊन म्हणाली, "थे नीना चांगलं रांधे जी. बिचारी इतक्या मायेनं वाढे, आन् तुमी तिच्याकडं पाठ करून सत्यानाश करत होते."

"म्हंजे मंग," शामसुंदर जरा सावरून बसला, "रशियाचं नाव काहाडाले हरकत..."

"तुमी कायचं काहाडता? तुमाले तिथलं काय मालूम? तुमी तं तिथलं खाल्लंच नाई." ताटातला शेवटचा घास तिनं तोंडात घातला. "मी खाल्लं."

तो पातेलं घेऊन मागच्या आंगणात गेला आणि राखेनं घासू लागला. थोड्या वेळानं कलावती हात धुऊन बाहेर आली, कुंपणापाशी जाऊन उभी राहिली, आणि शकुबाईंचं डोकं वाट पाहत असल्यासारखं लगेच वर आलं. कसं झालं, काय झालं, सरगुंड्यात मटण म्हणजे ओकारी नाही आली का? कलावतीनं कुंपणावर दोन्ही कोपर टेकवली आणि सुरुवात केली, "अवो तसं नाई शकुबाई. रशियात ना, कँटीनमदे एक बाई होती, नीना नावाची. अशी उंचनिंच. तिचं लगन झालं होतं पन नवरा लढाईत गेला, मंग तिनं जो कोनी उपाशी दिसन त्याले जास्त वाढाले सुरुवात केली..." शामसुंदरचा राखेचा हात थांबला. नवऱ्याचं हे त्याला माहीत नव्हतं. ती लढाई, तो नवरा, हे कलावतीनं पोळ्या लाटता लाटता कधी रचलं असेल? शकुबाई "मंग?" म्हणाल्या. कलावती सांगू लागली, आणि ती चांगलं सांगत होती, त्याच्यापेक्षा किती तरी चांगलं. पातेल्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं ते हळूच मांडीवर घेतलं आणि नीनाचं पुढं काय झालं ते ऐकू लागला.